आधी काटा, मग गोळी

अंबरनाथच्या बुवापाड्यातला एखादा कामगार डायलिसिसला जातो, तेव्हा सुई टोचण्याआधी त्याला वजनकाट्यावर उभं करतात. मागच्या खेपेला उठताना ५८ किलो, आज साडेएकसष्ट. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि लवकर भरत नाही. बीपी १९०. हे साडेतीन किलो अंगी लागलेल्या अन्नाचे नाहीत. लघवी होत नाही म्हणून साचलेलं मीठ-पाणी आहे ते, आणि बीपी चढवतं तेही बहुतेक वेळा हेच.

हे डॉक्टरांना साठ वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. मार्च १९६० मध्ये सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स यांना डायलिसिसवर घेतलं. शील्ड्स बोइंगमध्ये मशिनिस्ट. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत सापडावा असा माणूस. त्यांचं बीपी जिवावर बेतलेलं होतं. मशीनवर जादा पाणी काढून, जेवणातलं मीठ तोडून ते आटोक्यात आणलं. शील्ड्स अकरा वर्षं जगले. पुढे फ्रान्समधल्या तासँ इथे डॉ. बर्नार्ड शारा यांनी आठवड्यातून तीनदा आठ-आठ तास, सावकाश डायलिसिस चालवलं; बहुतेकांच्या बीपीच्या गोळ्या सुटल्या.

आपल्याकडे चार तास मिळतात. त्यात साडेतीन किलो ओढायचं म्हणजे पायात गोळे येतात, बीपी कोसळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग रुग्णच हात जोडतो, "आज कमी काढा." कुणी लोकलसाठी अर्धा तास आधी उठतो. पाणी अंगातच राहतं आणि पुढच्या वेळी चिठ्ठीवर आणखी एक गोळी चढते. गोळ्या लागतात, अनेकांना कायमच्या लागतात. पण सुकं वजन, म्हणजे जादा पाणी निघाल्यावरचं वजन, गाठल्याशिवाय त्या वाढवत नेणं आम्हाला मान्य नाही.

घरातही करण्यासारखं खूप काही आहे. आठ-नऊ ग्रॅम मीठ अंगात लिटरभर पाणी धरून ठेवतं. उल्हासनगरचा पापड, सुकट, लोणचं खाल्लं की तहान लागणारच. नुसतं "पाणी कमी प्या" सांगून ती थांबत नाही. सैंधव हेही मीठच. आणि दुकानातलं 'लो सोडियम' मीठ तर या रुग्णांनी आणूच नये. त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं.

२०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही उपचार मिळतात, आणि त्याने कित्येक घरं वाचली. आता डायलिसिस केंद्राकडून किती खेपा झाल्या याच्या जोडीने उठतानाचं वजन आणि बीपीही मागा. ज्याचं पाणी चार तासांत निघत नाही, त्याला पाचवा तास द्या, आणि त्याचे पैसे योजनेतूनच भरा.