जुन्या ट्रकला दुसरा स्टेअरिंग पंप : काटकसर करा, पण मापाने

आम्ही कापडाचे व्यापारी. ट्रकच्या पंपाविषयी या पानावर लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय, असे वाचक विचारतील. परंतु भिवंडीहून माल उचलून शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, टोकावडे या बाजारांत पोचवणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचा धंदा अखेर चाकांवरच उभा आहे. ज्याच्या घरचा एखादा जुना ट्रक आहे, त्याला तर गॅरेजचे बिल दुकानाच्याच वहीत लिहावे लागते. त्या वहीतून आम्ही जे शिकलो ते व्यापारी बांधवांपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

प्रश्न साधा आहे. गाडी पंधरा वर्षांची झाली, पॉवर स्टेअरिंगचा पंप गळू लागला. त्याच मॉडेलचा नवा पंप महाग पडतो, किंवा मॉडेल जुने म्हणून लवकर मिळत नाही. मग मिस्त्री सांगतो, "सेठ, दुसऱ्या गाडीचा पंप बसतो, कुर्ल्याच्या भंगारात मिळून जाईल." हा पंप बसवावा की बसवू नये?

काहीजण म्हणतात, कंपनीचा असेल तोच घ्या, दुसरा हात लावू नका. काहीजण म्हणतात, बोल्ट बसले, चाक फिरले, गाडी पळाली. आणखी काय पाहिजे? आमच्या मते दोन्ही टोके चुकीची आहेत. दुसरा पंप जरूर बसवावा, परंतु तो मापाने जुळवावा. आणि माप विचारण्याची जबाबदारी मिस्त्रीची किंवा ड्रायव्हरची नाही, ती मालकाची आहे.

आमची चूक

आमच्या सहाचाकी गाडीचा पंप असाच गेला. आम्ही भंगारातून दुसऱ्या मॉडेलचा पंप आणला. दिसायला हुबेहूब, भोके जुळली, पुली बसली. मुरबाडच्या बाजारात गाडी वळवताना स्टेअरिंग लोण्यासारखे फिरले. आम्ही खूश झालो, वाचलेले पैसे मालात घातले.

आठ दिवसांत पंप गुरगुरू लागला, तेल तापून टाकीत फेस येऊ लागला. ड्रायव्हरने दोनदा सांगितले, "सेठ, आवाज बरा नाही." आम्ही म्हणालो, म्हसा यात्रेचा माल जाऊ दे, मग बघू. पौष पौर्णिमेची म्हसा यात्रा म्हणजे आमच्या धंद्याचे मोठे दिवस. चादरी, ब्लँकेट, घोंगड्या तेव्हाच खपतात. यात्रेहून परत येताना स्टेअरिंग बॉक्सचे सील फुटले आणि सगळे तेल रस्त्यावर गेले. रस्ता सपाट होता, वेग कमी होता, ड्रायव्हर जुना होता. त्याने दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घेतली. कोणाला इजा झाली नाही. हीच गोष्ट माळशेज किंवा कसारा घाटात झाली असती, तर हा लेख लिहिण्याचे तोंड आम्हाला राहिले नसते.

नंतर आसनगावच्या बाजूच्या एका वयस्क मिस्त्रीने गाडी पाहिली. पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये प्रेशरचा गेज लावला, काटा दाखवला आणि म्हणाला, "सेठ, तुमचा बॉक्स जेवढा जोर सोसतो त्याहून जास्त जोर हा पंप देतो. कपडा मीटरने मोजून घेता ना? मग पंप नुसत्या डोळ्याने कसा घेतला?" आम्हाला उत्तर देता आले नाही. बॉक्सची दुरुस्ती, तेल, दोन दिवसांचे भाडे धरून पंपात वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट खर्च झाला.

यंत्र कसे चालते

पॉवर स्टेअरिंग म्हणजे तेलाच्या जोराने ड्रायव्हरच्या हाताला मिळणारी मदत. इंजिन पंप फिरवते, पंप टाकीतले तेल ओढून जोराने स्टेअरिंग बॉक्सकडे ढकलतो. ड्रायव्हर चाक फिरवेल त्या बाजूला बॉक्समधला व्हॉल्व्ह तेल सोडतो आणि ते तेल आतल्या पिस्टनला रेटते. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६च्या सुमारास असे स्टेअरिंग पिअर्स-ॲरो मोटारीवर चालवून दाखवले. तो स्वतः त्या कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेला होता; अवजड गाडी वळवताना माणसाचे काय हाल होतात ते त्याने जवळून पाहिले होते. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ साली क्रायस्लर कंपनीने प्रथम आणले. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) या कंपनीचा कारखाना आहे. ती कंपनी १९८१ साली स्थापन झाली.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. पंप आणि बॉक्स ही जोडी आहे. साध्या स्टेअरिंगच्या जुन्या ट्रकला नुसता पंप लावून पॉवर स्टेअरिंग होत नाही. बॉक्स, पाइप, टाकी सगळेच बदलावे लागते. आणि पॉवर स्टेअरिंग असलेल्या गाडीचा पंप बदलताना तो जुन्या बॉक्सला मानवणारा असावा लागतो.

चार मापे

पहिले माप जोराचे, म्हणजे प्रेशरचे. ते बारमध्ये मोजतात. लहान मोटारीचा पंप ट्रकला लावला तर भरलेली गाडी जागेवर वळत नाही. मोठ्या ट्रकचा पंप लहान टेंपोला लावला तर बॉक्सचे सील आणि होज फुटतात. पंपात जादा जोर सोडून देणारा एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. काही ठिकाणी त्याच्या स्प्रिंगमागे वॉशर घालून जोर वाढवतात. ही कारागिरी नव्हे, गफलत आहे.

दुसरे माप तेलाच्या धारेचे, म्हणजे मिनिटाला किती लिटर. हिशेब कोणत्याही दुकानदाराला जमेल. पंप एका फेऱ्यात १६ सीसी तेल देत असेल आणि मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल, तर धार ९.६ लिटरची झाली. पुली बदलून फेरे निम्मे झाले, तर धार ४.८ लिटरच राहील. मग बाजारात गाडी हळू असताना चाक पटकन फिरवले की ते मध्येच अडकल्यासारखे जड होते. इंजिन जोरात असताना जादा होणारे तेल परत फिरवणारा व्हॉल्व्ह पंपातच असतो. तो ज्या धारेला बसवलेला असतो ती धार आपल्या बॉक्सला हवी असलेलीच असायला हवी. ती फार मोठी असेल तर तेल तापते आणि वेगात स्टेअरिंग हातात राहत नाही.

तिसरे माप फिरण्याच्या दिशेचे. या पंपात पात्या असतात आणि ते बहुतेक एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतात. दांड्याच्या बाजूने पाहिल्यास तो उजवीकडे फिरतो की डावीकडे, हे आधी विचारावे. उलटा फिरवला तर तेल येणारच नाही.

चौथे माप जोडणीचे. काही पंप पट्ट्याने फिरतात, काही थेट इंजिनच्या गिअरने. गिअरवाल्या पंपाला पुली लावून पट्टा चढवला, की पट्ट्याची ओढ त्याच्या बेअरिंगवर येते. त्या ओढीसाठी ते बेअरिंग केलेलेच नसते. पुली एका रेषेत नसेल तर पट्टा तुटतो.

ही चार मापे जुळली तर दुसऱ्या मॉडेलचा पंप वर्षानुवर्षे काम देतो. एक जरी चुकले तर भोके जुळूनही उपयोग नाही. आम्ही कापडवाले जाणतो की रंग जुळला म्हणून पोत जुळले असे होत नाही. एकाच रंगाचे दोन तागे पाण्यात घातले की एक तसाच राहतो आणि दुसरा आटतो.

बसवताना

पंप बसवण्यापूर्वी टाकी धुवावी, फिल्टर बदलावा, पाइप साफ करावेत. जुन्या पंपाचा लोखंडी चुरा आत राहिला तर तो नव्या पंपालाही खातो. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच घालावे. ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात. टाकी पंपाच्या वर असावी आणि टाकीकडून येणारा पाइप चिमटलेला नसावा, नाही तर पंप हवा ओढतो. पुढची चाके जॅकवर उचलून स्टेअरिंग हळूहळू दोन्हीकडे पूर्ण फिरवावे, म्हणजे हवा निघून जाते.

शेवटी गेज लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. गेजचा व्हॉल्व्ह बंद करून जोर पाहताना पाच सेकंदांहून अधिक वेळ थांबू नये, पंप जळतो. याच कारणासाठी ड्रायव्हरनेही चाक पूर्ण वळवून तसेच दाबून धरू नये.

प्रश्न माणसाचा आहे

पंप बंद पडला म्हणजे स्टेअरिंग तुटले असे नाही. लोखंडी जोड कायम असते, चाके वळतात; परंतु एका बोटाने फिरणारे चाक एकदम दोन्ही हातांनी ओढावे लागते. पुढच्या धुरीवर वजन असेल आणि समोर वळण असेल तर तेवढ्यात घात होतो. इंजिन बंद झाले की पंपही बंद होतो, हे उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्याच वेळी हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसरही थांबलेला असतो. चार पैशांच्या डिझेलसाठी स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्हींशी हा खेळ होतो.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. लांबचा माल तिकडून जाऊ शकतो. आमचा माल मात्र गावोगावच्या बाजाराचा. त्याला अरुंद रस्ते, खड्डे, पावसातला चिखल आणि बाजारपेठेतली गल्ली यांतूनच जावे लागते. मोठ्या रस्त्यापेक्षा अशा जागी स्टेअरिंगचे काम अधिक पडते, आणि जुन्या गाड्या अशाच रस्त्यांवर अधिक चालतात.

कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली बेकायदा फेरबदलाबद्दल मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. खराब पंपाच्या जागी योग्य मापाचा पंप बसवणे ही दुरुस्ती झाली. साधे स्टेअरिंग काढून पूर्ण पॉवर स्टेअरिंग बसवायचे असेल, तर आधी आरटीओला विचारावे. आठ वर्षांवरील मालगाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्यात स्टेअरिंग तपासले जाते. पंपाचे बिल आणि त्यावर लिहिलेली मापे जपून ठेवावीत. अपघात झाल्यास विम्याचा माणूस प्रथम कागद मागतो.

कोणी म्हणेल, भाड्यात परवडत नाही, एवढी मापे कोण पाहतो? हा आक्षेप खोटा नाही. परंतु भाडे कमी करा म्हणून ओढणारे आपणच व्यापारी असतो. ट्रकवाला ते भाडे टायरमधून, पंपातून आणि ड्रायव्हरच्या झोपेतून भरून काढतो. कापडाच्या मीटरमागे वाचलेले आपले पैसे कोणाच्या तरी दंडातून येतात, हे आम्हाला आमच्याच ड्रायव्हरचे सुजलेले मनगट पाहून कळले. मालकाला मागच्या गल्ल्यात बसून काटकसर सुचते. तिचा भार उचलणारा पुढे केबिनमध्ये बसलेला असतो.

म्हणून बांधवांनो, जुनी गाडी जरूर चालवा. आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्याला प्रत्येक वेळी नवी गाडी किंवा कंपनीचा नवा पंप झेपत नाही, आणि जुन्या वस्तूला काम देणे हा कमीपणा नाही. पण पुढच्या वेळी मिस्त्री "बसतो" म्हणाला, तर त्याला विचारा : जोर किती, धार किती, दिशा कोणती, जोडणी कशी? तो उत्तर देऊन गेज लावायला तयार असेल तर पंप घ्या. नसेल तर गाडी एक दिवस उभी राहू द्या. आणि ड्रायव्हर "आवाज बरा नाही" म्हणाला, तर यात्रा असो की लग्नसराई, आधी त्याचे ऐका. आम्ही ऐकले नव्हते.