बाटली कुणी ठेवली?



गेल्या महिन्यात बचत गटाचा हिशेब चालू असताना शेजारच्या गल्लीतली एक आजी धापा टाकत दाराशी आली. तिच्या सव्वा वर्षाच्या नातवानं संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली तोंडाला लावली होती. बैठक तिथेच मोडली. आम्ही सगळ्या तिच्या घराकडे धावलो. धावता धावता दोन वाक्यं कानावर पडली. एकीनं विचारलं, "बाटली खाली ठेवली कुणी? आई कुठे होती?" दुसरी म्हणाली, "मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल."

ही दोन्ही वाक्यं मला नवी नव्हती. दुसरं तर मी स्वतः एकदा बोललेली आहे. ते आज सांगायचं आहे.

२०११ साली मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि एका वस्तीत फील्डवर्कला जात होते. एका दुपारी दीड वर्षाच्या मुलानं पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल प्यायलं. आई धुणीभांडी करून नुकतीच परतली होती. ती मुलाला घेऊन माझ्याकडेच आली, कारण मी शिकलेली. "ताई, काय करू?" मी म्हटलं, "ओकारी काढा." मिठाचं पाणी झालं, घशात बोट झालं. पोर ओकलं आणि आम्हाला हायसं वाटलं. रात्री त्याला धाप लागली, अंग तापलं. पुढचे अकरा दिवस ते ऑक्सिजनवर होतं. पोटात गेलेलं रॉकेल फारसं नुकसान करत नाही, पण ओकताना त्याचा थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते, हे मला वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन वर्षांच्या शिक्षणात मला कायदे शिकवले होते, समुपदेशन शिकवलं होतं. हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मूल वाचलं. पण केसपेपरवर एक ओळ राहिली: 'आईच्या हलगर्जीपणामुळे'. पुढे सहा महिन्यांनी नवऱ्यानं तिला माहेरी घालवलं. आमच्या केंद्रात दोन्हीकडची माणसं बसली, तेव्हा सासऱ्यानं तोच कागद पुढे केला. "हिला पोर सांभाळता येत नाही. पोर आमच्याकडे राहील." त्या खोलीत रॉकेलची बाटली खाली ठेवली होती ती सासऱ्यानंच, स्टोव्ह भरून झाल्यावर. ते केसपेपरवर नव्हतं. आणि ओकारी काढायला मी सांगितलं होतं, हेही नव्हतं. मुलगा परत आईकडे यायला दीड वर्ष लागलं.

म्हणून आजचा पहिला मुद्दा असा की मुलानं काही गिळलं तर 'कुणी ठेवली' हा प्रश्न त्या घटकेला कुणीही विचारायचा नाही. विचारायचं ते इतकंच: काय गिळलं, किती गिळलं आणि कधी गिळलं? दवाखान्यात उपयोगी पडतात ती हीच तीन उत्तरं.

आता काय करायचं ते. हे गटात वाचून दाखवा.

ओकारी काढू नका. रॉकेल, थिनर, पेट्रोल फुप्फुसात जातं. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा खाली जाताना अन्ननलिका जाळतो आणि वर येताना पुन्हा जाळतो. मिठाचं पाणी लहान मुलाच्या रक्तातलं मीठ इतकं वाढवू शकतं की तेच जीवावर बेतावं. दूध, तेल, तूप, लिंबू, सोडा, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच पाजू नका. तोंडात काही उरलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसून काढा. अंगावर, कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे उतरवा आणि अंग पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं असेल तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील तर कुशीवर निजवा आणि तोंडात काही घालू नका.

मग १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनानं निघा. बाटली, पाकीट, उरलेल्या गोळ्या, जे असेल ते बरोबर घ्या. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. १८०० ११६ ११७ हा त्यांचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो. तो आपल्या गावातल्या डॉक्टरांनाही द्या.

मूल हसतंय, खेळतंय म्हणून घरी थांबू नका. रॉकेल प्यायलेल्या मुलाला निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं लागतं. उंदीर मारायच्या पेस्टनं मूल एखाददोन दिवस बरं दिसतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. पूजेच्या कापराचा लहानसा तुकडाही बाळाला झटके आणू शकतो. घड्याळातला किंवा खेळण्यातला चपटा गोल सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळायला लागतो. त्याची शंका जरी आली तरी लगेच एक्स-रे काढून घ्या.

आणि एक वस्तू अशी, जी आपणच घरोघर पोचवतो. गरोदर बाईला मिळणारी लोहाची गोळी लाल असते आणि तिला साखरेचा लेप असतो. रांगत्या मुलाला ती गोळीच वाटते, पेपरमिंटची. अशा बऱ्याच गोळ्या मुलानं खाल्ल्या तर उलट्या होतात, मधे बरं वाटल्यासारखं होतं आणि मग ते एकदम ढासळतं. बाईला 'रोज एक घे' सांगताना 'उंच ठेव' हेही सांगायला हवं.

छोट्या दवाखान्यात एक अडचण हमखास येते. "ही पोलीस केस आहे, मोठ्या हॉस्पिटलात न्या." आया पोलिसांच्या नावानंच घाबरतात आणि वेळ जातो. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं आहे की सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. हे आपल्या कार्यकर्तीला तोंडपाठ हवं. आणि केसपेपर लिहिला जात असताना तिनं तिथे उभं राहावं. काय गिळलं आणि कधी, ते लिहा. दोष कुणाचा हे ठरवायची ती जागा नव्हे, असं शांतपणे म्हणता यायला हवं.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. बाटली खाली का होती?

रेशनवरचं रॉकेल आता जवळजवळ दिसेनासं झालं. पण घरात मुलाच्या हाताशी येणाऱ्या वस्तू कमी झाल्या नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत मोरी, चूल, झोपणं आणि रांगणं एकाच फरशीवर असतं. घरी बसून चपला, खोटे दागिने असली पीसवरची कामं करणाऱ्या बाईजवळ थिनर आणि सोल्युशनचा डबा दिवसभर उघडा असतो, कारण मजुरी नगावर मिळते. सुटं फिनाईल आणि ॲसिड दारावर येतं ते जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत. ॲसिड हल्ल्यांविरुद्ध बायका लढल्या म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. तेच ॲसिड आजही हातगाडीवर बिनलेबलाचं मिळतं. अमेरिकेत १९७० साली कायदा करून औषधं आणि घातक द्रव्यं मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशा झाकणांत द्यायला लावली. म्हणजे झाकण कसं असावं हा केवळ आईच्या दक्षतेचा प्रश्न नाही, हे मान्य करायला अर्धशतक उलटून गेलं आहे.

आणि आई कुठे होती? कामावर होती. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुलं काही तास बसतात. त्याहून लहानांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, जागा मिळत नाही. रांगायचं, हाताला येईल ते तोंडात घालायचं वय नेमकं तेच. २०१७ सालच्या प्रसूती कायद्यातल्या दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं, पण धुणीभांडी करणारीच्या मालकिणीकडे पन्नासजणी कामाला नसतात. २०२२ पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी पाळणाघरं काढायची आहेत. आपल्या वस्तीत असं किती आहे? बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तराची प्रत आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात आपण ती सगळी उत्तरं एकत्र छापू.

तोवर हातात आहे ते करूया. प्रत्येक गटानं महिन्याच्या बैठकीत पाच मिनिटं यासाठी ठेवावीत. घरात एक फळी मुलाचा हात पोचणार नाही अशी ठोकावी, आणि ती ठोकायचं काम घरातल्या पुरुषाला सांगावं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत दुसरं काहीही भरायचं नाही, हा नियम आजोबांनाही लागू.

त्या आजीच्या नातवाला आम्ही त्या दिवशी काही पाजलं नाही. तोंड पुसलं, बाटली पिशवीत घातली आणि रिक्षा केली. त्याचे ओठ आणि जीभ भाजली होती. अन्ननलिका आखडत तर नाही ना, हे पाहायला डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं आहे. त्याची आई कंपनीतून थेट हॉस्पिटलात आली. दारातूनच सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझंच चुकलं." सासू म्हणाली, "आधी पोराला घे. ते मग बघू."

मला वाटतं, आपण सगळ्यांनी तिथून सुरुवात करावी.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळासाठी