मका पंधरा दिवसांचा असतानाच पोंगे उघडून बघा, लष्करी अळीचा हिशोब तिथेच ठरतो

सिल्लोड, कन्नड भागात सध्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रावर जा, एकच विषय. मक्याच्या पोंग्यात अळी. पानांना ओळीने भोकं पडलेली, पोंग्यात लाकडाच्या भुश्यासारखी विष्ठा साचलेली. तो फोटो दुकानदाराला दाखवायचा आणि तो देईल ती बाटली घेऊन यायचं. बाटलीसोबत एखादं टॉनिकही माथी मारलं जातं, त्याचा अळीशी काडीचा संबंध नसतो.

खरी अडचण अशी, की फोटोत भुसा दिसतोय म्हणजे अळी मोठी झालेली असते. ही अळी सहा अवस्थांतून जाते आणि सगळ्यात जास्त खाते ती शेवटच्या दोन अवस्थांत. तेव्हा ती पोंग्यात खोल बसलेली, वरून विष्ठेचं झाकण. औषध वरच्या पानावरून ओघळून जातं, अळीला लागतच नाही. मग आपण म्हणतो औषध डुप्लिकेट निघालं. कधी निघतंही, पण बहुतेक वेळा आपणच आठ-दहा दिवस उशिरा गेलेलो असतो.

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये आफ्रिकेत सापडली, 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. 2019 च्या खरिपात तिने मका उत्पादकांचं कंबरडं मोडलं. तेव्हा वाटलं होतं, आली तशी जाईल. आता ती इथलीच झाली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, एक मादी हजारावर अंडी घालते आणि आपल्याकडच्या उन्हात महिनाभरात पुढची पिढी तयार होते.

शिवाय तिला बारा महिने जेवण आपणच वाढून ठेवलंय. खरिपात मका, रब्बीत मका, पाणी असेल तर उन्हाळी मका, वरून जनावरांसाठी चाऱ्याचा मका. 2023 च्या डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, तेव्हापासून मक्याची मागणी वाढली. कापूस, सोयाबीनला कंटाळलेले कितीतरी जण मक्याकडे वळले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही वळलो. 2025-26 साठी मक्याचा हमीभाव 2400 रुपये क्विंटल आहे. मार्केटला तो किती जणांच्या हातात पडतो हा वेगळा विषय. पण एकरी तीन-तीन फवारण्या झाल्या तर त्या भावातलं उरतं काय?

विम्याच्या भरवशावरही राहू नका. राज्यात एक रुपयातला पीक विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला आणि भरपाई आता पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावरच ठरते. म्हणजे तुमचा एकट्याचा मका अळीने खाल्ला आणि मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं आलं, तर तुम्हाला काही मिळत नाही.

म्हणून जे करायचं ते पहिल्या महिन्यात. उगवल्यावर आठवड्यातून दोनदा शेतात आडवं-तिडवं फिरा आणि पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा. पानावर केसाळ आवरणाचा अंड्यांचा पुंजका दिसला की तिथेच बोटाने चिरडा, एका पुंजक्यात शे-दोनशे अंडी असतात. पानावर पांढरे, कागदासारखे चट्टे दिसले तर अळी बारीक आहे. तेव्हा 5 टक्के निंबोळी अर्कावर भागू शकतं. शंभरात पाच-दहा झाडांवर अळी दिसली की 10 लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 4 ग्रॅम किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी 4 मिली, दोन्हींपैकी एकच. पुढच्या फवारणीला औषध बदला. फवारणी सकाळी लवकर किंवा सांजच्याला, नोझल थेट पोंग्यात धरून. तुरा निघाल्यावर पंप खाली ठेवा.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. पंधरा जूनपासून जुलैच्या शेवटापर्यंत एकाच शिवारात जो तो आपल्या सोयीने पेरतो. आधीच्या मक्यातले पतंग मागच्या कोवळ्या मक्यावर जातात आणि उशिरा पेरणारा सगळ्यात जास्त भोगतो. पाऊस पडल्यावर शेजारच्या बांधावरच्यांनी एकाच आठवड्यात पेरलं तर हा फेरा बराच तुटेल. आपल्याकडे बांधावरून कोर्टात जाणारे भाऊ पेरणीची तारीख ठरवायला एकत्र बसतील का, हे मला सांगता येत नाही. पण ते काम कृषी सहायकाने गावात येऊन करायला हवं, घाटावर मका खाऊन झाल्यावर मोबाईलवर सल्ला पाठवून नाही.

आणि ज्यांचा मका मुरघासाला किंवा दुभत्या जनावरांना जाणार आहे त्यांनी औषधाच्या लेबलवर कापणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचल्याशिवाय विळा लावू नये.