कारागिराचे ड्रिल : निवड कशाच्या आधारे?

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या बाजारगावी सुतार, लोहार, वायरमन आणि नळजोडणी करणारे कारागीर यांची रोजीरोटी आज ज्या यंत्रावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे, त्या विजेच्या ड्रिलची निवड बहुधा दुकानदाराच्या शिफारशीवर आणि खोक्यावर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्यावर सोपविली जाते, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. घरी चार खिळे ठोकणाऱ्या हौशी गृहस्थाने चुकीचे यंत्र घेतले तर ते फडताळात पडून राहील, एवढेच. परंतु ज्याची दिवसाची मजुरी यंत्राच्या चालण्याशी बांधलेली आहे, त्याच्या बाबतीत ही चूक थेट संसारात उतरते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, यंत्र निवडताना पहिला प्रश्न ‘किती वॅट?’ असा नसून ‘भोक कशात पाडावयाचे?’ असा असला पाहिजे, आणि दुसरा, ‘बिघडले तर दुरुस्त कोठे होईल?’ असा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या इतिहासातच सापडते. हातात धरून चालविण्याचे विजेचे ड्रिल जर्मनीतील फाइन यांच्या कारखान्याने १८९५ साली तयार केले. काँक्रीट आणि दगड फोडीत जाणारा बॉशचा विद्युत् हातोडा १९३२ साली आला. या दोहोंची प्रयोजनेच भिन्न आहेत. धातूला बिटाची धार कातरीत जाते, तेथे आघाताचा उपयोग शून्य. काँक्रीटला धार कातरू शकत नाही, तेथे आघातानेच चुरा करावा लागतो. बाजारात सर्वाधिक खपणारे ‘इम्पॅक्ट’ ड्रिल या दोहोंच्या मध्ये उभे असते. त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून थरथर उत्पन्न करतात, आणि त्या थरथरीला जोर पुरवावा लागतो तो कारागिराच्या खांद्याने. उलट ‘रोटरी हॅमर’मध्ये नळकांड्यातील दाबलेली हवा दट्ट्याला फेकते आणि ठोका यंत्र स्वतः मारते, त्यामुळे सुमारे ८०० वॅटचे, अडीच-पावणेतीन जूल ठोक्याचे साधे हॅमर काळ्या खडीच्या स्लॅबमध्ये जे काम सहज करते, तेथे तेवढ्याच वॅटचे इम्पॅक्ट ड्रिल बिट लाल करून थांबते. स्टुलावर उभा राहून, मान मागे टाकून, डोळ्यांत सिमेंटची पूड घेत पंख्याचे हूक बसविणाऱ्या वायरमनला हा भेद कोणी समजावून सांगावा लागत नाही. सांगावा लागतो तो खरेदीपूर्वी, आणि नेमके तेव्हाच कोणी सांगत नाही.

परंतु याच हॅमरची जुन्या घरात मात्र धास्ती बाळगावी. आपल्या भागात मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंती अद्याप पुष्कळ उभ्या आहेत. तेथे ठोक्याचा खटका बंद करून केवळ फिरतीवर भोक पाडावे, नाहीतर आठ मिलिमीटरच्या भोकाभोवती वीतभर पोपडा खाली येतो.

लोखंडकाम करणाऱ्याची गरज अगदी निराळी आहे. साध्या पोलादाला हायस्पीड बिटाने मिनिटाला सुमारे २५ मीटर कापण्याची गती मानवते. त्या हिशेबाने १० मिलिमीटरच्या बिटाला मिनिटास ८०० फेरे पुरेत, १३ मिलिमीटरच्या बिटाला ६०० च्या आसपास. मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेरे घेणारे हलके ड्रिल पूर्ण वेगाने अँगलवर लावले म्हणजे बिटाचे टोक निळे पडते आणि धार जाते. मग कारागीर ‘बिट हलके निघाले’ म्हणून दुसरे आणतो. गेट, खिडक्यांच्या जाळ्या अथवा सौर पंपाचे सांगाडे बांधणाऱ्याने कमी फेऱ्यांचे, जाड गिअरचे, १३ मिलिमीटर चकाचे, बाजूला मूठ असलेले यंत्रच घ्यावे. बिट पलीकडे निघण्याच्या क्षणी अडकते, तेव्हा यंत्र मनगट पिरगाळते. मूठ काढून ठेवण्याची सवय म्हणूनच घातक आहे. सुताराला मात्र खटक्याच्या दाबाने वेग कमी-अधिक होणारे, स्क्रूसाठी क्लच असलेले बॅटरीचे यंत्र अधिक हितावह. सागवानी चौकटीत स्क्रूचे डोके चिरडण्याचे पाप त्याने टळते.

ग्रामीण विजेचा दाब खाली उतरतो, ही गोष्ट शहरी सल्ल्यांत कधी येत नाही. दाब उतरला की मोटारीचा वेग आणि तिच्याच दांड्यावरील पंख्याचा वारा दोन्ही कमी होतात. कारागीर अधिक रेटतो, प्रवाह वाढतो, आणि आर्मेचर जळते. त्यात बारीक वायरचे लांबलचक एक्स्टेन्शन म्हणजे दुखण्यात भर. अशा वेळी घटकाभर थांबून यंत्र मोकळे फिरवून थंड करावे. कार्बन झिजल्याने ठिणग्या वाढल्या तर कार्बन तत्काळ बदलावेत. हे अल्प मोलाचे जिन्नस पुढे कॉम्युटेटरच खाऊन टाकतात.

येथेच दुसरा प्रश्न येतो. ज्या यंत्राचे कार्बन, खटका आणि आर्मेचर शेगाव, खामगाव किंवा फार तर अकोल्याच्या बाजारात मिळते, ते थोडे महाग पडले तरी किफायतीचे समजावे. सुटे भाग न मिळणारे स्वस्त यंत्र पहिल्याच बिघाडात भंगारात जाते. पक्की पावती आणि हमीपत्रावरील दुकानाचा शिक्का यांची मागणी करताना भिडेखातर गप्प बसू नये.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांच्या कारागिरांस अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तजवीज आहे. सुतार, लोहार, गवंडी यांचा त्यांत समावेश आहे. वायरमन व प्लंबर यांचा नाही, आणि तो व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे. पण पैसा मिळून निवडीचे ज्ञान न मिळाले तर ही रक्कम चुकीच्या खोक्यात जाईल. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी बाजाराच्या दिवशी वरवट बकालला एक मांडव घालावा; त्यात स्लॅबचा तुकडा, वीट, अँगल आणि सागाची फळी ठेवून चार प्रकारची यंत्रे कारागिरांच्या हाती द्यावीत, आणि प्रत्येकाने आपल्या कामाचे भोक आपल्या हाताने पाडून पाहावे. तालुक्याच्या कचेरीला यासाठी वेगळ्या निधीची दरखास्त करावी लागू नये. एक जोडणी, एक निदेशक आणि एक दुपार एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे.