बदलून बघू म्हणे!

'बदलून बघू' हे आपल्याकडच्या गॅरेजांचं ब्रीदवाक्य झालंय, आणि त्याचे पैसे आपण निमूटपणे भरतो.

ताजं उदाहरण घरचंच. शेंदूरजनाघाटला बाबांची २००४ची पेट्रोल गाडी आहे. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर झोपलेला, किलोमीटर पुढे सरकत नाहीत, आणि चौकात थांबलं की इंजिन बंद. वरूड रस्त्यावर संत्र्यांच्या ट्रकांमधून बाबा नुसत्या अंदाजाने गाडी हाकत होते!

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी ०५००. लगेच निकाल: "सेन्सर बदला लागते भाऊ. नाई झालं त मीटर बदलू." सेन्सर बदलला. काटा तसाच. मग मीटरचं एस्टिमेट हातात...

अरे, पी ०५०० म्हणजे 'सेन्सर मेला' असं कुठे लिहिलंय? वेगाच्या सिग्नलच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो कोड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, वायर आली, कनेक्टर आला, अर्थिंगही आलं.

जुन्या केबलवाल्या मारुती ८००मध्ये केबल तुटली की विषय संपला. नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्सवर सेन्सर आला, बहुतेक तीन वायरींचा: सप्लाय, अर्थ, सिग्नल. बऱ्याच जपानी घराण्यातल्या गाड्यांत किलोमीटरला ६३७ फेरे आणि फेऱ्याला ४ पल्स, म्हणजे २५४८ पल्स. मोजता येणारी गोष्ट आहे राव, नाडीपरीक्षा नाही :)

कनेक्टर काढा, चावी ऑन करा. सप्लाय येतोय? अर्थ धड आहे? बऱ्याच गाड्यांत सिग्नलच्या वायरवरही कॉम्प्युटरकडून व्होल्ट येतात, तेही बघा. मग कनेक्टर परत लावा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल. चाक हाताने सावकाश फिरवलं की सिग्नलवर मल्टिमीटरचा आकडा वर-खाली उडायला हवा. उडतोय? मग सेन्सरला हात लावू नका, पुढे वायरीच्या मागे लागा.

शेवटी वरूडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने हेच केलं. सिग्नलच्या पिनवर ठार शून्य. बॅटरीखाली वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं! जोड दिला, टेप गुंडाळली, काटा उठला. बाबा तपासणीचे वेगळे पैसे द्यायला लागले तर तो घेईना. "पार्ट टाकलाच नाई काकाजी, कायचे पैसे?"

माझा खरा राग इथे आहे. डोकं चालवणाऱ्याला आपण फुकट राबवतो आणि खोकं बदलणाऱ्याला बिल देतो. मग मेकॅनिक खोकीच बदलणार ना! आयटीतले आपण तर याबाबतीत महाढोंगी. एक बग शोधायला आठवडा लावतो, क्लायंटला तासातासाचं बिल लावतो, फिक्स निघतो एका ओळीचा. आणि गॅरेजात जाऊन "नुसतं बघायचे कसले पैसे?" म्हणून हुज्जत घालतो.

गॅरेजवाल्यांनो, जॉब कार्डवर 'तपासणी' असा वेगळा रकाना छापा, तासाचा दर लिहा, मी मुकाट भरीन. पण मीटरचं रीडिंग दाखवल्याशिवाय नव्या सेन्सरचं खोकं माझ्यासमोर फोडायचं नाही.