धडा चौदा ‘झाला’ म्हणजे काय झालं?

आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गनोंदवहीत एक ओळ ठरलेली असते : ‘धडा 14, ते-रूप, पूर्ण’. खाली सही, तारीख. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे जपानीचं पाठ्यपुस्तक चालवणाऱ्या कुठल्याही वर्गाची वही उघडा, ही ओळ सापडेल. त्या दिवशी शिक्षकाने काय केलं हे तिच्यावरून समजतं. विद्यार्थ्याला काय करता येऊ लागलं, याचा मात्र तिच्यात मागमूस नसतो. या अंकात पाठाच्या उद्दिष्टांवर लेख आहेत, म्हणून संपादकीयही त्याच विषयावर.

उदाहरणासाठी पुण्याबाहेर जाऊ. पुण्यात विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, जुन्या संस्था आहेत, संवादाला जपानी माणसं भेटतात. तिथला विद्यार्थी वर्गात राहिलेलं बाहेर भरून काढतो. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत समजा एक वर्ग सुरू झाला : संध्याकाळी दीड तास, आठवड्यातून तीन दिवस, समोर बारावी झालेली किंवा आयटीआय केलेली मुलं, त्यातली काही दिवसभर गोदामात काम करून आलेली. जपानी कानावर पडायची यांची एकमेव जागा म्हणजे हा वर्ग. इथे उद्दिष्ट चुकलं तर सावरून घ्यायला बाहेर काहीच नाही.

असा वर्ग ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. जपानच्या मदतीने होणाऱ्या बुलेट ट्रेनचा ठाणे डेपो याच तालुक्यात, भरोडी-अंजूर भागात होतो आहे. ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचं लक्ष्य जाहीर केलं. त्यात भारतातून जपानला जायचे 50,000 कुशल कामगार आणि होतकरू मनुष्यबळ धरलेलं आहे. हे आकडे गावागावात पोचले की वर्ग निघतात, आणि वर्ग निघाले की पहिला प्रश्न येतो, जपानीच्या प्राथमिक परीक्षेबद्दल : “सर, एन-फाइव्ह किती महिन्यांत होईल?” आपणही उत्तर महिन्यांतच देतो. उद्दिष्ट तिथेच हातातून जातं.

आता धडा चौदाकडे येऊ. आपण साधारणपणे काय करतो? क्रियापदांचे तीन गट फळ्यावर लिहितो. ‘नोमिमासु’चं ‘नोंदे’, ‘काकिमासु’चं ‘काइते’, आणि ‘इकिमासु’ अपवाद, त्याचं ‘इत्ते’. ते-रूपाचं गाणं म्हणून घेतो. मग ‘...ते कुदासाइ’ची, म्हणजे ‘कृपया अमुक करा’ अशी, वाक्यं बनवायला लावतो. दीड तासाच्या शेवटी वर्ग सुरात रूपं म्हणतो आणि आपल्याला बरं वाटतं.

पण हा मुलगा जपानमधल्या कारखान्यात किंवा वृद्धांच्या केंद्रात रुजू झाला की पहिले काही महिने ‘...ते कुदासाइ’ म्हणणार कोण? तो नाही. त्याला ते ऐकायचं आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नवखा माणूस वरिष्ठाला सूचना देत नाही, सूचना घेतो. म्हणजे वर्गात ज्या बाजूचा सराव झाला ती बाजू लवकर लागणारच नाही, आणि जी पहिल्याच दिवशी लागणार तिला हातही लागलेला नाही. रूप घडवणं आणि घडलेलं रूप कानाने ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. ‘ओइते’ ऐकल्यावर ते ‘ओकिमासु’चं आहे, काहीतरी ठेवायला सांगताहेत, हे कळायला तिन्ही गटांचे नियम पाठ असावे लागत नाहीत. ज्याचे नियम पाठ आहेत त्याला भराभर बोललेलं कळेलच, याचीही खात्री नाही.

दिघाशीच्या वर्गासाठी मी त्या दिवसाचं उद्दिष्ट असं लिहीन : ‘वरिष्ठाने दिलेली दोन टप्प्यांची सूचना ऐकून ती उलट म्हणून दाखवता येईल आणि त्याप्रमाणे काम करता येईल, एकदा पुन्हा विचारायची मुभा.’ मराठीत लिहीन, आणि पहिल्या मिनिटाला फळ्याच्या कोपऱ्यात. उद्दिष्ट शिक्षकाच्या टाचणात इंग्रजीत पडून राहिलं तर ते फक्त तपासणीला येणाऱ्यासाठी असतं.

ही एक ओळ लिहिली की पुढचं बरंचसं तीच ठरवते. क्रियापदं कोणती? ठेवणे, आणणे, उघडणे, बंद करणे, थांबणे, बोलावणे अशी आठ-दहा, हाताने करून दाखवता येतील अशी. एक-दोन पुढच्या धड्यातून आधी ओढावी लागतील, ओढावीत. वाक्य कोणतं? ‘कोनो हाको ओ आसोको नि ओइते कुदासाइ’ : खोकं खरं, जागा खरी, उचलून ठेवायचं. उलट म्हणून दाखवायचं ते कशासाठी? जपानी कामाच्या जागी मिळालेली सूचना परत म्हणून खात्री करून घेण्याची, म्हणजे ‘फुकुशो’ची, पद्धत आहे, निमूट मान हलवणाऱ्यावर तिथे भरवसा बसत नाही. आणि ऐकू आलं नाही तर ‘सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनेगाइ शिमासु’. हे वाक्य पहिल्या धड्यापासून तोंडात हवं. आपली मुलं मात्र न कळताही ‘हाइ’ म्हणतात. वर्गात विचारणं म्हणजे अब्रू गेली, असं शाळेने शिकवलेलं असतं. हा अडसर व्याकरणाने निघणारा नाही, म्हणून विचारण्याची मुभा उद्दिष्टातच लिहायची.

आणि काय गाळायचं? तीन गटांची कोष्टकं त्या दिवशी गाळायची. ती पुढच्या तासाला येतील, तेव्हा निम्मी रूपं कानाला ओळखीची झालेली असतील. गाळणं आपल्याला फार जड जातं. पण ज्या उद्दिष्टामुळे टाचणातलं काहीच गळत नाही, ते उद्दिष्टच नव्हे.

इथे एक सावधगिरी. जपान फाउंडेशनने 2010 मध्ये युरोपीय भाषा-चौकटीच्या आधाराने जेएफ स्टँडर्ड आणलं; पुढे ‘मारुगोतो’ आणि विनामूल्य उतरवून घेता येणारं ‘इरोदोरि’ ही पुस्तकं त्याच धर्तीवर निघाली. प्रत्येक धड्यावर ‘अमुक करता येईल’ असं लिहिलेलं. तेव्हापासून आपल्याकडे ‘कॅन-डू’ची हवा आहे. पण बऱ्याच टाचणांत ती नुसत्या शेपटासारखी लागते : ‘विद्यार्थ्यांना ते-रूप वापरता येईल’. ही जुनीच नोंद, कपडे तेवढे नवे. ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यातून व्याकरणाचं नाव काढून टाका. मागे काही उरतं का बघा. कोण, कुणाशी, कुठे, कोणत्या मदतीने, यातलं काहीच उरत नसेल तर उद्दिष्ट अजून लिहायचंच आहे.

परीक्षेचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. पालक पैसे परीक्षेसाठी भरतात. एन-फाइव्हला 180 पैकी 80 गुण आणि प्रत्येक भागातला किमान उंबरठा गाठला की उत्तीर्ण. ही परीक्षा बोलायला लावत नाही, लिहायलाही नाही, पर्याय निवडायचे. म्हणून नुसत्या परीक्षेवर बेतलेला वर्ग मुका राहिला तरी निकाल चांगला लागू शकतो. त्याची किंमत मुलाखतीच्या दिवशी कळते. मात्र परीक्षेला शत्रू ठरवायचंही कारण नाही. श्रवणाचा भाग त्यात आहेच, आणि सूचना ऐकून काम करायला शिकलेली मुलं तिथे मागे का पडतील? विशिष्ट कुशल कामगाराच्या व्हिसासाठी चालणारी जेएफटी-बेसिक तर दैनंदिन गरजांवरच बेतलेली आहे. तिथे 250 पैकी 200 लागतात. परीक्षेचा सराव वेगळ्या तासाला घ्या, त्याचं उद्दिष्टही वेगळं लिहा. एकाच तासाला दोन्ही बसवायला गेलो की दोन्ही अर्धवट राहतात, हा अनुभव कुणाला नवा नाही.

मराठी मुलांच्या बाबतीत वेळ कुठे वाचतो आणि कुठे घालवावा लागतो, हेही उद्दिष्ट ठरवताना बघायला हवं. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर, ‘उठून, चहा पिऊन, निघालो’ अशी साखळी : हे सगळं आपल्या भाषेत आहे. धडा सोळातली ते-रूपाची साखळी मराठीतून सांगितली तर पाच मिनिटांत डोक्यात बसते. इंग्रजी टिपांवरून तिला उगाच अर्धा तास जातो. उलट स्वराची लांबी आपल्या कानातून निसटते. ‘योक्का’ म्हणजे चार तारीख, ‘योऽका’ म्हणजे आठ. जोडाक्षर कानाला लगेच लागतं, लांबवलेला ‘ओ’ नाही. महिन्याच्या तारखा पाठ म्हणून दाखवणं इथे पुरत नाही. ‘फोनवर सांगितलेली तारीख लिहून घेऊन खात्री करता येईल’ असं हवं. चार दिवसांची चूक म्हणजे चुकलेली पाळी किंवा रिकामा परत गेलेला ट्रक. गोदामात काम करणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

लहान मुलांचा वर्ग मात्र निराळा. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकाल? रोबोट आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. पुढच्या वर्षी टाळेबंदीत तास ऑनलाइन गेले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना फोन असलेल्या वर्गमित्रांनी शिकवलं. बातम्यांत कौतुक झालं ते मुलांच्या जिद्दीचं, आणि ते योग्यच. मला मात्र त्यात आपल्या कामाची कसोटी दिसते : आजचं उद्दिष्ट चौथीतल्या मुलाला दुसऱ्याला सांगता येईल आणि त्याला ते जमलं की नाही हेही बघता येईल, इतकं साधं आहे का? ‘स्वतःचं नाव आणि आवडती गोष्ट सांगून समोरच्याला तेच विचारता येईल’ हे आहे. ‘एन-फाइव्हची पूर्वतयारी’ हे नाही, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या गळ्यात ते अडकवूही नये.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, एवढंच अजून सांगायचं. सूचना घेण्याचा तास असेल तर दारापाशी उभं राहा, प्रत्येकाला एक सूचना द्या, ती करून मग बाहेर सोडा. वीस मुलांना हे दहा मिनिटांत होतं. किती जणांना जमलं ते नोंदवहीत ‘पूर्ण’च्या जागी लिहा. वीसपैकी अकरा निघाले तर पुढच्या तासाचं उद्दिष्ट काय असावं, हा प्रश्न उरत नाही.

पुढच्या अंकासाठी वाचकांकडून एकच गोष्ट हवी आहे : आपण या महिन्यात घेतलेल्या एका तासाचं उद्दिष्ट, मराठीत, एका वाक्यात, आणि त्याखाली, त्यासाठी काय गाळलं ते. दुसरी ओळ रिकामी असलेली पत्रं छापणार नाही.