जिनिव्हाचे कागद सास्तुरात वाचले गेले पाहिजेत



नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे पहिले वर्ष पुरे करून थांबणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्रमाणपत्र देण्याची सोय केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि उन्हाळी सुट्टीत ४ क्रेडिटचा व्यवसाय अभ्यासक्रम पुरा केला की ते मिळते. तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुढे नेता येते. हे प्रमाणपत्र आमच्या मुलामुलींनी कोणत्या विषयात घ्यावे? आम्ही म्हणतो, आंतरराष्ट्रीय अभ्यासात.

हे ऐकून पारावर हशा पिकेल. सास्तूरच्या पोराला जिनिव्हाशी काय देणेघेणे? डी. एड. करावे, पोलीस भरतीची तयारी करावी, नाहीतर पुण्याची गाडी धरावी. पण हसण्याआधी आपल्या पिकांचा हिशोब मांडून बघा.

२०२१ च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेला. त्याच ऑगस्टात सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवे पीक शेतात उभे असताना हा निर्णय झाला. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद करण्यात आले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले गेले. लातूरच्या बाजारात भाव पुकारणारा आडत्या असतो. पण त्या भावात ब्राझीलचे पीक असते, इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल असते, डॉलरचा दर असतो आणि दिल्लीची अधिसूचना असते. आम्हाला यातला फक्त आडत्या दिसतो, म्हणून आमचा सगळा राग त्याच्यावर निघतो.

उसाचे बघा. माकणीच्या धरणाच्या पाण्यावर ऊस लावणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की त्यांच्या उसाच्या दरावर जिनिव्हात खटला चालला? २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. भारत उसाला एफआरपी ठरवून देतो, साखर निर्यातीला अनुदान देतो, हे कराराबाहेरचे आहे, असा त्यांचा दावा. डिसेंबर २०२१ मध्ये पंचमंडळाचा निकाल भारताच्या विरुद्ध गेला. भारताने अपील केले; पण अपील ऐकणारे मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासूनच ठप्प होते. ऊस आमचा, घाम आमचा, आणि आमच्या दराची चर्चा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तीन भाषांतल्या कागदांवर.

त्या करारातली एक मेख सांगतो. शेतीकरारात पिकाला दिलेला आधार मोजताना सरकारने ठरवलेल्या आजच्या किमतीची तुलना १९८६-८८ च्या जागतिक किमतीशी होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या मापाने आजचे धान्य मोजायचे! हे कळायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. कोणीतरी समजावून सांगणारा मात्र लागतो.

सास्तूरला तर हे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने गाव जमीनदोस्त केले. पुढे जे पुनर्वसन झाले त्याला जागतिक बँकेचे कर्ज होते. आमच्या डोक्यावरच्या छपराचा पैसा आंतरराष्ट्रीय होता. त्या कर्जाच्या अटी कुठे लिहिल्या आहेत, हे त्या वेळी तंबूत राहणाऱ्या किती माणसांनी विचारले असेल? विचारायचे कोणाला, हेच माहीत नसेल तर माणूस मिळेल ते घेतो आणि गप्प बसतो.

आमच्या चळवळीच्या इतिहासातही हाच धडा आहे. शरद जोशी बर्नला जागतिक टपाल संघात नोकरीला होते. ती नोकरी सोडून ते आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. १९९१ च्या अखेरीस डंकेल प्रस्ताव आला तेव्हा देशभर आरोळ्या उठल्या, बियाणे जाणार, देश विकला जाणार. जोशींनी उलटी बाजू मांडली. आमच्या शेतमालाला सरकारी आधार तर नाहीच, उलट उणे अनुदान आहे, आणि ते सरकारच्याच आकड्यांतून सिद्ध होते, हे त्यांनी गावोगाव मराठीत सांगितले. त्यांचे मत कोणाला पटो न पटो, त्यांच्याशी वाद घालायलाही कागद वाचावा लागे. २०१५ मध्ये ते गेले. एका वाचणाऱ्याच्या जिवावर चळवळ किती दिवस चालणार? दर तालुक्याला दहा वाचणारे हवेत.

आता या प्रमाणपत्राची दुसरी बाजू. एका वर्षाने थांबण्याची सोय ही उद्या थांबवण्याची सबब होऊ शकते. दुष्काळ पडला, लग्न ठरले, की 'कागद मिळाला ना, बस झाले' म्हणून पहिली घरी बसवली जाईल ती मुलगी. तसे होणार असेल तर ते प्रमाणपत्र शाळा सोडल्याचा दाखलाच ठरेल. म्हणून ज्या घरातून मुलगी एक वर्ष शिकेल, त्या घराने तीन वर्षांत तिला परत पाठवण्याचा शब्द गावासमोर द्यावा.

आमच्या मागण्या सरळ आहेत. एक, हा विषय धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात आणि लोहारा-उमरग्याच्या महाविद्यालयांत मराठीतून शिकवला जावा. दोन, त्यात राजदूत आणि शिखर परिषदा यांच्याबरोबर आयात शुल्काची अधिसूचना कशी वाचायची, डॉलर चढला तर पेंडीची निर्यात का वाढते, करारातील पळवाट कशी शोधायची, हे यावे. तीन, उन्हाळ्यातले ४ क्रेडिट बाजार समितीत, तेल गिरणीत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत काम करून मिळवता यावेत.

नोकरी मिळेल का, असे आईबाप विचारतील. विचारलेच पाहिजे. एका वर्षाच्या कागदावर नोकरीची हमी कोणी देऊ नये; आम्हीही देत नाही. पण पेरणीआधी घरातले लेकरू सांगू शकले की यंदा तुरीची आयात खुली आहे आणि किती तारखेपर्यंत आहे, तर पीक निवडताना तो घरचाच सल्ला असेल. निर्यातबंदीविरुद्ध मोर्चा निघेल तेव्हा निवेदन तेच लेकरू लिहील, आणि जिल्हाधिकारी 'हे केंद्राचे आहे' म्हणाले तर केंद्राच्या कोणत्या कलमाखाली, हेही तेच विचारील.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने बारावी झालेल्या दोन मुलांची नावे आणावीत. त्यातले एक नाव मुलीचे असावे.